सांधा ऐकत राहतो

उजव्या हाताची मूठ घट्ट वळा आणि सावकाश उघडा. एवढ्याशा हालचालीत बोटांचे चौदा सांधे वाकले आणि पुन्हा सरळ झाले. कुठे खरखर नाही, कळ नाही, आवाज नाही. दिवसभरात हे आपण किती वेळा करतो आणि एकदाही त्याची दखल घेत नाही! हाडांची टोकं वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरतात, तरी घासत कशी नाहीत?

हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि सांध्याच्या पोकळीला आतून एक अस्तर असतं. या अस्तराचं नाव सायनोव्हियम. निरोगी माणसात ते जेमतेम एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. एक-दोन पेशी! कातडीचा सगळ्यात वरचा थरसुद्धा याच्यापुढे जाडजूड म्हणावा लागेल. या अस्तरात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी राहतात. पहिल्या मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळून टाकणाऱ्या आणि पहारा देणाऱ्या. त्यांतल्या काही एकमेकींना घट्ट बिलगून सांध्याभोवती चक्क एक अखंड भिंत उभी करतात. जर्मनीतल्या एर्लांगनच्या संशोधकांनी ही भिंत २०१९ मध्ये जगाला दाखवली. तोपर्यंत ती तिथे आहे याची कुणाला कल्पना नव्हती.

दुसरी पेशी फायब्रोब्लास्ट. ही सांध्याची कायमची रहिवासी. सांध्यातलं बुळबुळीत वंगण तिच्यामुळे तयार होतं. हायलुरॉनिक ॲसिड आणि ल्युब्रिसिन हे त्यातले दोन महत्त्वाचे घटक तीच बनवते. गुडघ्यासारख्या दणकट सांध्यातही हे वंगण चहाचा एक चमचा भरेल एवढं नसतं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिचं पोषण बहुतांशी याच द्रवातून होतं. म्हणजे एका पातळशा थरातली ही साधी दिसणारी पेशी सांध्याला फिरवतेही आणि जगवतेही.

आता हीच पेशी सांधा खायला लागली तर?

रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, म्हणजे डॉक्टर ज्याला थोडक्यात ‘आरए’ म्हणतात त्या आजारात, नेमकं हेच घडतं. हा वयोमानाने सांधे झिजण्याचा आजार नव्हे. तो तिशी-चाळिशीतही गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त गाठतो आणि बहुधा दोन्ही हातांच्या बोटांना एकदमच धरतो. सकाळी उठल्यावर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, मूठ वळत नाही. कणीक मळणं, ब्लाउजचे हुक लावणं, नळ पिळून बंद करणं अशा गोष्टी डोंगराएवढ्या होतात.

पुणे जिल्ह्यातलं भिगवण आपल्याला माहीत असतं ते उजनीच्या पाणथळीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे. सांध्यांच्या अभ्यासकांच्या जगात मात्र या गावाचं नाव वेगळ्याच कारणाने घेतलं जातं. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ मध्ये तिथे घरोघरी जाऊन माणसांना विचारायला सुरुवात केली, तुमचं काय दुखतं? त्या पाहणीत आरएचं प्रमाण प्रौढांमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण अख्ख्या महाराष्ट्राला तो लावून पाहिला तर काही लाख माणसं होतात.

या आजाराची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी: आपली रोगप्रतिकारशक्ती चुकते, स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते आणि सांध्यांवर हल्ला करते. हे खरं आहे. रक्ताची ‘आरए फॅक्टर’ आणि ‘अँटी-सीसीपी’ ही तपासणी या प्रतिपिंडांचाच शोध घेते. पण एक कोडं उरतं. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आरए झालेल्या माणसांचे जुने रक्ताचे नमुने शोधून काढले. कधीकाळी रक्तदान करताना दिलेले, पेढीत गोठवून ठेवलेले. त्यांतल्या अनेकांच्या रक्तात ही प्रतिपिंडं पहिला सांधा सुजण्याच्या काही वर्षं आधीपासून हजर होती! इतकी वर्षं हल्लेखोर रक्तात फिरत होते आणि सांधा शांत होता. मग बदललं काय? याचं पूर्ण उत्तर मिळवायचं तर हल्लेखोरांकडून नजर काढून सांध्यात राहणाऱ्या पेशीकडे न्यावी लागते. ती काय ऐकते आणि कशाने ऐकते, हे पाहावं लागतं.

पेशीला कान नसतात, रिसेप्टर असतात. हे रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पातळ आवरणातून आरपार गेलेली प्रथिनं. एक टोक बाहेर, एक टोक आत. बाहेरच्या टोकावर ठरावीक आकाराचाच रेणू बसू शकतो. तो बसला की आतलं टोक कामाला लागतं. आपल्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा रेणू म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ.

हे नाव सांध्याच्या आजारात कुठून आलं? १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत लॉइड ओल्ड आणि त्यांचे सहकारी कर्करोगावर काम करत होते. त्यांनी उंदरांना बीसीजीची लस टोचली, तीच बीसीजी जिची खूण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. नंतर त्यांना जिवाणूंचं विष दिलं. या उंदरांच्या रक्तद्रवात असं काहीतरी तयार झालं की ते दुसऱ्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी मरू लागल्या. त्या ‘काहीतरी’चं नाव टीएनएफ. इकडे त्याच शहरातल्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस बॉयटलर आणि अँथनी सेरामी अगदी वेगळ्याच प्रश्नामागे होते: दीर्घ आजारात प्राणी खंगत का जातात? त्यांनीही एक रेणू पकडला. १९८५ मध्ये दोन्ही रेणू ताडून पाहिले, तर तो एकच निघाला! गाठ मारणारा आणि शरीर खंगवणारा रेणू एकच. आरएच्या रुग्णांचं वजन का उतरतं, स्नायू का सुकतात, याचंही एक उत्तर इथेच दडलेलं होतं.

टीएनएफचा एक रेणू तीन सारख्या तुकड्यांचा बनलेला असतो. लगतच्या दोन तुकड्यांमध्ये एकेक खाच असते, म्हणजे एकूण तीन खाचा. प्रत्येक खाचेत एक रिसेप्टर बसतो. आता गंमत पाहा. एरवी पेशीच्या पृष्ठभागावर तरंगणारे तीन रिसेप्टर एका टीएनएफभोवती जवळ आले की पेशीच्या आत त्यांची तीन शेपटंही जवळ येतात. बस्स, एवढंच! संदेश सुरू व्हायला टीएनएफला आत शिरावं लागत नाही. बाहेरून काहीही आत जात नाही, फक्त आतली तीन टोकं एकमेकांपाशी येतात आणि तेवढ्या जवळिकीने पेशीचं सगळं वागणं बदलतं.

त्या तीन शेपटांवर आता आतली प्रथिनं धावत येऊन एकेक करून चिकटतात आणि तिथे एक छोटंसं यंत्रच उभं राहतं. या यंत्रातून दोन विरुद्ध आदेश निघू शकतात. एक, ‘मर’. दुसरा, ‘जग आणि लढ’. एकच रेणू, एकच रिसेप्टर, आणि निकाल मृत्यू किंवा युद्ध! ज्याच्या नावातच गाठ मारणं आहे तो टीएनएफ सांध्यातल्या फायब्रोब्लास्टला मात्र सहसा मारत नाही. ती दुसरा आदेश ऐकते.

दुसऱ्या आदेशाचा वाहक आहे एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन. १९८६ मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते शोधलं, तेही सांध्याशी काहीही संबंध नसलेल्या कामात. पांढऱ्या पेशी प्रतिपिंडांची जनुकं कशी चालू करतात, हा त्यांचा प्रश्न होता. हे प्रथिन पेशीत आधीपासूनच तयार असतं, पण एका दुसऱ्या प्रथिनाने त्याला केंद्रकाबाहेर अडवून धरलेलं असतं. टीएनएफचा संदेश आला की या अडवणाऱ्यावर खूण केली जाते, पेशी त्याला मोडीत काढते आणि सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून शेकडो जनुकं चालू करतं.

इथे मी स्वतः दर वेळी थबकतो. चालू होणाऱ्या त्या जनुकांमध्ये एक जनुक असतं त्या अडवणाऱ्याचंच! एनएफ-कप्पा-बी आत जाऊन स्वतःला अडवणाराच पुन्हा घडवायला लावतं. नवा अडवणारा तयार होतो, एनएफ-कप्पा-बीला केंद्रकाबाहेर खेचतो. बाहेर टीएनएफ अजून असेल, तर तोही मोडीत निघतो आणि एनएफ-कप्पा-बी पुन्हा आत. २००४ मध्ये चमकणारी खूण लावून जिवंत पेशींत ही ये-जा प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. साधारण शंभर मिनिटांची एक फेरी, आत आणि बाहेर, तासन्‌तास. आपण झोपलेले असताना, जेवताना, रिक्षाची वाट पाहताना टीएनएफने चेतवलेल्या आतल्या पेशीही बहुधा याच तालावर चालतात.

केंद्रकात चालू झालेली जनुकं काय बनवतात? बऱ्याच गोष्टी, आणि त्या सगळ्या आगीत तेल ओततात. काही रेणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाका मारून सांध्यात बोलावतात. काही नव्या रक्तवाहिन्या फुटायला लावतात. मग येतात एमएमपी नावाची विकरं. ती कूर्चेतलं कोलॅजेन कापतात. हे कोलॅजेन म्हणजे शरीरातल्या सर्वांत दीर्घायुषी पदार्थांपैकी एक. त्यातलं निम्मं बदललं जायला शंभराहून जास्त वर्षं लागतील, असं मोजमाप सांगतं. म्हणजे तरुणपणी मिळालेली कूर्चा आयुष्यभर पुरवायची असते आणि एकदा कापली गेली की ती तशीच्या तशी परत येत नाही. आणखी एक रेणू असतो रँक-लिगँड. तो हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जन्म देतो. त्या हाडाला चिकटतात आणि आम्ल सोडून ते खणतात. एक-दोन पेशींचं अस्तर वाढत वाढत कधी दहाच्याही वर थरांचं होतं आणि सांध्याच्या कडेने कूर्चेवर पसरतं. या वाढलेल्या थराला पॅनस म्हणतात. म्हणूनच या आजारात पहिल्या काही महिन्यांतच उपचार सुरू व्हावेत असा आग्रह डॉक्टर इतका जीव तोडून धरतात.

१९८० च्या दशकात सुजलेल्या सांध्यात टीएनएफसारखे डझनावारी संदेशवाहक रेणू सापडू लागले होते. बहुतेकांचा कयास होता की यातला एक अडवून काय होणार, बाकीचे आहेतच की. लंडनमधल्या दोघा संशोधकांना तसं वाटत नव्हतं. मार्क फेल्डमन, ऑस्ट्रेलियात वाढलेले. आणि रविंदर मैनी, जन्म लुधियानाचा. शस्त्रक्रियेत काढलेल्या रुग्णांच्या सांध्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांच्या चमूने बशीत वाढवल्या. त्या पेशी कुणीही न सांगता ढिगाने संदेशवाहक सोडत राहतात. १९८९ मध्ये फियोनुला ब्रेनन आणि सहकाऱ्यांनी त्या बशीत फक्त टीएनएफला अडवणारं प्रतिपिंड टाकलं. आणि इंटरल्यूकिन-१ नावाच्या दुसऱ्याच संदेशवाहकाची निर्मिती कोसळली! म्हणजे हे डझनभर रेणू एका पातळीवरचे नव्हते. त्यांच्यात उतरंड होती आणि टीएनएफ वरच्या पायरीवर होता.

मग माणसावर प्रयोग. सेंटोकॉर या अमेरिकन कंपनीकडे टीएनएफविरोधी एक प्रतिपिंड होतं. न्यूयॉर्कमध्ये यान विल्चेक आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते मूळ उंदराच्या पेशींपासून बनवलं होतं. १९९२ मध्ये ते इतर औषधांना दाद न देणाऱ्या आरएच्या रुग्णांच्या शिरेतून दिलं गेलं. सूज उतरली, सकाळचा आखडलेपणा गेला, थकवा गेला. फक्त इच्छेने असं वाटत नाही ना, हे तपासायला ७३ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. कुणाला औषध मिळतंय आणि कुणाला औषधाविना नुसता द्रव, हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. १९९४ मध्ये निकाल आला: चार आठवड्यांनी जास्त मात्रा मिळालेल्या २४ पैकी १९ जणांना ठळक फरक पडला होता, नुसता द्रव मिळालेल्या २४ पैकी फक्त दोघांना. एका रेणूला अडवून! आज इन्फ्लिक्सिमॅब नावाने मिळतं ते हेच औषध.

याच काळात आणखी एक अजब वाट सापडली. १९८० च्या दशकाच्या शेवटी तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या लघवीत टीएनएफला निष्प्रभ करणारं काहीतरी असतं, हे जिनिव्हातल्या संशोधकांच्या लक्षात आलं. इस्रायलमध्येही लघवीतून अशीच प्रथिनं वेगळी केली गेली. ती कोणती निघाली? टीएनएफचे रिसेप्टरच! पेशी आपल्या पृष्ठभागावरचे रिसेप्टर कापून बाहेर सोडत होत्या. मोकळे फिरणारे हे रिसेप्टर टीएनएफला वाटेतच पकडतात, त्यामुळे तो खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचत नाही. शरीराची ही युक्ती संशोधकांनी जशीच्या तशी उचलली. रिसेप्टरचे बाहेरचे दोन तुकडे घेतले, रक्तात जास्त दिवस टिकावेत म्हणून त्यांना प्रतिपिंडाचं बूड जोडलं आणि औषध तयार झालं. इटानरसेप्ट. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला आरएसाठी मान्यता मिळाली. पेशीचा कानच बाटलीत भरून टोचायचा, यापेक्षा देखणी कल्पना औषधशास्त्रात मला तरी दुसरी माहीत नाही.

पण टीएनएफ शरीरात उगाच नसतो. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुप्फुसात आयुष्यभर निपचित पडून असतात, कारण पेशींनी त्यांच्याभोवती कडं करून त्यांना डांबलेलं असतं आणि ते कडं टिकवायला टीएनएफ लागतो. टीएनएफ अडवला की कडं ढिलं पडतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये क्षय उफाळल्याच्या ७० घटना एकत्र मांडल्या गेल्या आणि जगभरचे डॉक्टर सावध झाले. आपल्याकडे तर निपचित क्षय घेऊन जगणाऱ्यांची संख्या मोठी. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टूची किंवा रक्ताची तपासणी करायला सांगतात. ती टाळण्यासारखी औपचारिकता मुळीच नाही.

दुसरा मोठा संदेशवाहक इंटरल्यूकिन-६, आणि त्याची ऐकण्याची तऱ्हा टीएनएफहून जास्त चक्रावणारी. सांध्यातल्या फायब्रोब्लास्टकडे इंटरल्यूकिन-६ चा स्वतःचा रिसेप्टर जवळपास नसतोच. तिच्याकडे असतो फक्त त्याचा जोडीदार, जीपी-१३० नावाचं प्रथिन, जे शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशींवर असतं. मग ती ऐकते कशी? सुजलेल्या सांध्यात गर्दी केलेल्या पांढऱ्या पेशी आपले इंटरल्यूकिन-६ चे रिसेप्टर कापून द्रवात सोडतात. तो मोकळा रिसेप्टर इंटरल्यूकिन-६ ला धरतो आणि ही जोडी येऊन फायब्रोब्लास्टच्या जीपी-१३० वर बसते. जी भाषा ती बहिरेपणाने ऐकू शकत नव्हती, ती दुसऱ्याच्या उसन्या रिसेप्टरने ऐकू लागते! आणि पाहा, टीएनएफचा मोकळा रिसेप्टर संदेश विझवत होता, इंटरल्यूकिन-६ चा मोकळा रिसेप्टर संदेश पेटवतो. निसर्गाने एकच क्रिया दोन ठिकाणी उलट्या अर्थाने वापरली आहे.

इंटरल्यूकिन-६ सांध्यापुरता थांबत नाही. यकृतात जाऊन तो सीआरपी बनवायला लावतो, म्हणून लॅबच्या रिपोर्टवर तो आकडा चढलेला दिसतो. यकृतातच हेप्सिडिन वाढवून तो लोहाची वाट अडवतो, म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊनही अनेक रुग्णांचं हिमोग्लोबिन वर येत नाही. आरएच्या रुग्णांच्या रक्तात तो पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असतो, आणि सकाळीच बोटं आखडण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. त्याचा रिसेप्टर अडवणारं औषध ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या संशोधनातून जन्मलं. त्याचं नाव टॉसिलिझुमॅब. कोविडच्या लाटांत त्या एका इंजेक्शनसाठी या शहरातून त्या शहरात धावलेली कुटुंबं आपल्याकडे आहेत. ते मूळचं आपल्या गोष्टीतलं औषध.

एवढं सगळं कळलं, औषधंही आली. तरी दोन गोष्टी खटकत राहतात. बऱ्याच रुग्णांना पूर्ण आराम पडत नाही. आणि ज्यांना पडतो, त्यांचं औषध थांबवलं की अनेकदा आजार परततो, तोही बहुधा त्याच सांध्यांत. रोगप्रतिकारशक्तीचा आवाज बंद करूनही सांध्यात काय शिल्लक राहतं?

अथेन्समध्ये जॉर्ज कोलियास यांच्या प्रयोगशाळेत याचा माग काढायला सुरुवात झाली. १९९१ मध्ये त्यांनी उंदरांत माणसाच्या टीएनएफचं जनुक घातलं. उंदरांच्या शरीरात टीएनएफ जास्त झाला आणि त्यांचे सांधे आपोआप सुजले, वाकडे झाले. पुढे २००८ मध्ये याच गटाने एक विलक्षण प्रश्न विचारला. टीएनएफचा मुख्य रिसेप्टर सगळ्या शरीरातून काढून टाकला आणि तो फक्त फायब्रोब्लास्टच्या कुळातल्या पेशींपुरता ठेवला तर? रोगप्रतिकारशक्तीच्या पेशींना हा संदेश ऐकूच येणार नाही, फक्त सांध्याच्या रहिवाशांना येईल. तरीही संधिवात झाला, पूर्ण झाला! सांधा मोडायला त्या एका पेशीने ऐकणं पुरेसं होतं.

मग ती इतरांपेक्षा वेगळं काय ऐकते? न्यूयॉर्कमध्ये लायोनेल इवाश्किव यांच्या चमूने २०१३ मध्ये मॅक्रोफेज आणि आरएच्या रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट या दोन्हींवर टीएनएफ सोडला. मॅक्रोफेज आधी भडकल्या, मग स्वतःच आवरत्या झाल्या. टीएनएफ समोर असूनही त्या निवत गेल्या. फायब्रोब्लास्ट तीन-चार दिवस थांबल्याच नाहीत. गणेशोत्सवाआधी ढोलताशाच्या सरावाशेजारी राहणाऱ्यांना पहिल्या संध्याकाळी छातीत धडधडतं, आठवड्याभरात त्याच आवाजात डुलकी लागते. मॅक्रोफेजचं तसं होतं. फायब्रोब्लास्टला प्रत्येक टिपरू पहिलंच वाटतं. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन पेशी, तोच रेणू, तसाच रिसेप्टर, आणि एकीला सवय होते, दुसरीला होत नाही. तिच्या केंद्रकात भडक्याची जनुकं उघडीच राहतात.

आणि उघडी राहता राहता ती तशीच होऊन जातात. रुग्णाच्या सांध्यातून काढलेल्या फायब्रोब्लास्ट बशीत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या, आसपास रोगप्रतिकारशक्तीची एकही पेशी नाही, तरी त्या आक्रमकच राहतात. त्यांच्या डीएनएचा क्रम तोच असतो, पण त्यावरच्या रासायनिक खुणा निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या असतात. १९९६ मध्ये अशा पेशी माणसाच्या कूर्चेच्या तुकड्याबरोबर प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रोवल्या गेल्या. त्यांनी कूर्चा खाल्ली! कुणी चिथावणारं नव्हतं.

याहून चकित करणारा प्रयोग २००९ चा, जर्मनीतल्या गिसेनचा. अशाच उंदराच्या एका बाजूला कूर्चा आणि आरएच्या फायब्रोब्लास्ट रोवल्या, दुसऱ्या बाजूला नुसती कूर्चा. काही आठवड्यांनी दुसऱ्या बाजूची कूर्चाही खाल्ली जात होती. एका बाजूच्या पेशी रक्तातून प्रवास करून दुसऱ्या बाजूला पोचल्या होत्या. एका सांध्यातून सुरू झालेला आजार दुसऱ्या सांध्यांत कसा पसरतो, याचं हे एक संभाव्य उत्तर.

उंदरांत होतं ते माणसांत होतं का? रॉकफेलर विद्यापीठात डेना ऑरेंज आणि सहकाऱ्यांनी आरएच्या एका रुग्णाला घरीच बोट टोचून थेंबभर रक्त जमवायला सांगितलं. त्या व्यक्तीने हे चिकाटीने चार वर्षं केलं. दुखणं उसळलं त्या तारखांपासून मागे जात संशोधकांनी रक्तात काय बदललं ते शोधलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं, की उसळीच्या आदल्या आठवड्यात रक्तात फायब्रोब्लास्टच्या वळणाच्या काही पेशी वाढतात आणि सांधे सुजले की रक्तातून नाहीशा होतात. बहुधा सांध्यात उतरतात. दुखणं सुरू होण्याआधी आठवडाभर रक्ताला ते माहीत होतं!

मग हा आजार बोटांच्या मुळांचे आणि मधले सांधे धरतो आणि नखाजवळचे शेवटचे सांधे सहसा सोडून देतो, ते का? हाताच्या, खांद्याच्या, गुडघ्याच्या फायब्रोब्लास्ट दिसायला सारख्या असल्या तरी आपापला पत्ता जपून असतात. गर्भात हात कुठे आणि पाय कुठे हे ठरवणारी हॉक्स जनुकं या पेशींमध्ये मोठेपणीही ठिकाणानुसार वेगवेगळी चालू असतात, असं झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं. म्हणजे एकच संदेश शरीरभर फिरत असला तरी तो ऐकणारी पेशी प्रत्येक सांध्यात थोडी वेगळी आहे.

एकाच सांध्यातही त्या एकसारख्या नाहीत. २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी एकेक पेशी वेगळी करून तपासली. अस्तराच्या अगदी वरच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट कूर्चा आणि हाड खातात, सूज फारशी वाढवत नाहीत. खालच्या थरातल्या सूज पेटवतात, हाडाला सहसा हात लावत नाहीत. सूज उतरल्यावरही काहींच्या एक्स-रेमध्ये हाडाची झीज पुढे का सरकत असावी, याचा एक धागा इथे दिसतो. आज मिळणारी औषधं टीएनएफ अडवतात, इंटरल्यूकिन-६ अडवतात, पांढऱ्या पेशींना आवरतात किंवा रिसेप्टरच्या शेपटाजवळचा संदेश तोडतात. थेट या फायब्रोब्लास्टवर नेम धरणारं औषध अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. आणि ते बनवणाऱ्यांपुढचा पेच सोपा नाही, कारण जिला थोपवायचं आहे, सांध्याचं वंगण बनवणारीही तीच आहे.